कूलर बरा, बूच भंगार: एका उन्हाळ्यानंतर

टाकी किती लिटरची, पंखा किती इंचाचा, हे कूलरच्या विक्रीच्या पानावर दिलंच आहे. मी लिहितोय बुचाबद्दल.

टाकीचं पाणी काढायचं बूच मागच्या बाजूला, जमिनीपासून बोटभर वर. खाली बादली सोडा, ताटलीही जात नाही. डेंग्यूपायी आठवड्यातून एकदा कूलर कोरडा करा म्हणतात, ते बरोबरच आहे; साचल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पण इथे कोरडा करायचा म्हणजे हॉलभर पाणी आणि फडकं पिळत मी.

घेण्याआधी ढीगभर रिव्ह्यू वाचले होते, त्यात बुचाचा ब नाही. का, ते तारखा पाहिल्यावर समजलं. बहुतेक फेब्रुवारी-मार्चमधले. डबा उघडला, हवा लागली, पाच स्टार. ‘डिलिव्हरी फास्ट’, पाच स्टार. कुरिअरवाल्याचे मार्क कूलरला काहून? मुंबईहून ‘गारवाच नाही’ म्हणून एक स्टार देणाराही आपल्या कामाचा नाही, दमट हवेत कूलर काय करणार! ‘व्हेरिफाइड’चा शिक्का एवढंच सांगतो की माल तिथूनच घेतला. लिहिण्याचे पैसे मिळाले का, ते नाही सांगत. माझ्या डब्यात चिठ्ठीच होती: पाच स्टारचा स्क्रीनशॉट पाठवा, शंभर रुपये मिळवा. शंभरात कूलरचा पंपही येत नाही.

हे वरचं मेमध्ये लिहून ठेवलं होतं. आता पोळ्यानंतरची मारबत निघून गेली, तेव्हा थोडी दुरुस्ती. पारा 45 वर असताना या कूलरने झोप दिली, म्हणून दोनाचे तीन स्टार. पण बोअरच्या पाण्याने पाणी झिरपणाऱ्या हनीकोंबच्या जाळ्यांवर पांढरा थर बसला. हे एकाने फोटोसकट लिहिलेलं निघालं. ‘टॉप रिव्ह्यू’त कुठेच नव्हतं, ‘नवीन आधी’ लावल्यावर दिसलं. आता काहीही घेताना मी तेच लावतो, आणि दोन-तीन स्टारवाले वाचतो.

भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक काढलं. विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, असं त्यात आहे. पण काढलं तेव्हा ऐच्छिक! चिठ्ठ्या टाकणारे स्वतःच्या इच्छेने थांबतील, नाही का.

माझा तीन स्टारचा रिव्ह्यू बुचाच्या फोटोसकट टाकला. दुसऱ्याच दिवशी विक्रेत्याचा फोन. “सर, स्टार वाढवा ना, नवीन बूच पाठवतो.”

बूच बदललं की भोक वर सरकतं का भाऊ?