सामान जहाजाने की बॅगांत? दोन्ही पाहिल्यावर

आतेभावाला कॅनडाची पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी, मिळाली आणि तिसऱ्याच दिवशी रात्री त्याचा फोन. ‘भाऊ, सामान जहाजानं टाकू का बॅगाईत नेऊ? तुनं दोन्ही पाह्यलं हाय.’

पाहिलं आहे खरं. २०२२ मध्ये आम्ही वरूडहून टोरांटोला आलो तेव्हा चौदा खोकी जहाजाने आणली. २०२४ मध्ये साडू त्याच वाटेने आला, त्याचं सगळं बॅगांतून. मी तेव्हा सुटीवर गावी होतो, त्या बॅगा बऱ्याचशा मीच भरल्या. तेव्हा मत आहे, पण ते दोन घरांवरून बनलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

जहाज आणि विमान यांचा हिशोब मुळातच उलटा. कंटेनरमध्ये दुसऱ्यांच्या सामानासोबत थोडी जागा घेतली की पैसे घनमीटरचे, म्हणजे जागेचे. विमानात किलोचे. पाण्याचे पितळी गुंड, लोखंडी तवे, पुस्तकं जहाजात परवडतात. दुलया, उशा, स्वेटर महागात जातात. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही चौदातली पाच खोकी निव्वळ कापसाने भरली. साडूच्या तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा होत्या, म्हणजे चौघांचे १८४ किलो. ऐकायला कमी वाटतं. भरायला बसलं की पुरतं. फक्त नागपूर-मुंबई तिकीट वेगळं काढू नका. तेवढ्या टप्प्याला देशांतर्गत १५ किलोचा हिशोब लागतो आणि उरलेल्याचे पैसे नागपुरातच मोजावे लागतात. साडूने नागपूरपासून शेवटपर्यंत एकच पीएनआर घेतला होता.

जहाजाला उशीर होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमची खोकी अंगणातून निघून इथल्या दारात यायला साडेतीन महिने लागले. साडूच्या वेळी तर तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालत होती, त्यामुळे पॅकर्सवाला तारखेचं नावच काढेना.

बांधाबांधीत आमची एक फजिती झाली. गावच्या सुताराने हौसेने आंब्याच्या फळ्यांची भक्कम पेटी करून दिली होती. नागपूरहून आलेल्या पॅकर्सच्या पोराने तिला हातही लावला नाही, फक्त विचारलं, ‘शिक्का कुठाय?’ कच्च्या लाकडाच्या पॅकिंगला उष्णतेची प्रक्रिया लागते, लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवावं लागतं आणि तसा गव्हाच्या ओंबीचा शिक्का पेटीवर असावा लागतो. नाहीतर किडीच्या भीतीने पेटी परत. प्लायवूडला ही अट नाही. ती पेटी आता गोठ्यात आहे, आई तिच्यात ढेप ठेवते.

आपल्या बाजूचे नियमही असतात, ते लोक विसरतात. देवघरातली मोरपिसं बाहेर नेता येत नाहीत. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि तशी नुसती दिसली तरी ‘ही पुरावस्तू नाही’ असा पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला मागतात. आमच्याकडचा बाळकृष्ण म्हणूनच काकाकडे राहिला. दागिने अंगावर नेणार असाल तर निघताना विमानतळावर भारतीय कस्टमकडून निर्यातीचं प्रमाणपत्र घ्या. परत येताना तेच सोनं नवं नाही हे त्यावरून सिद्ध होतं.

आता ज्यावरून माझं मत बनलं ते. यादी.

कॅनडात पहिल्यांदा उतराल त्याच वेळी इथल्या कस्टमच्या बीएसएफ १८६ या फॉर्मबरोबर दोन याद्या द्यायच्या: सोबत काय आणलं आणि मागून काय येणार. मागून येणाऱ्या यादीवर अधिकारी शिक्का मारतो आणि प्रत आपल्याला देतो. जहाज लागल्यावर ती दाखवून सामान करमुक्त सुटतं. त्या यादीत नसलेलं सामान नंतर आलं तर सवलत विसरा. वस्तू तुमची, तुमच्या ताब्यातली आणि वापरलेली हवी. एका वस्तूची किंमत १०,००० कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर वरच्या रकमेवर कर लागतो, पण आमच्या घरी ट्रॅक्टर सोडला तर तशी वस्तूच नव्हती.

वाचायला सोपं आहे. लिहायला बसलो तेव्हा कळलं. वस्तूचं वर्णन, कंपनी, मॉडेल, असेल तर सिरियल नंबर, आणि किंमत. मिक्सरचा नंबर सापडला. गुंडाची किंमत काय लिहायची? बाबांना बिलाबद्दल विचारलं तर म्हणाले, ‘बिल कायचं रे? तुह्या आजीच्या लग्नातला गुंड हाय थो.’ मी वीस डॉलर लिहिले, मग आजी आठवली आणि चाळीस केले. ती यादी मी तीन रात्री जागून केली. इकडे पॅकर्सच्या पोरांनी त्यांच्या यादीत सहा खोक्यांवर नुसतं ‘किचन आयटम्स’ लिहिलं, आणि आईने आधीच बांधून ठेवलेल्या तीन खोक्यांवर ‘पीबीओ’, म्हणजे मालकाने स्वतः बांधलेलं. या तीन अक्षरांचा अर्थ मला फार उशिरा समजला: आत काय आहे ते त्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून फुटलं तर विमा बहुधा हात वर करतो, आणि तपासणीत आधी तीच खोकी उघडतात.

विमानतळावर शिक्का पाच मिनिटांत मिळाला. अडलं नंतर. दुलयांसमोर मी यादीत मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं, ‘घरच्या शेतातल्या कापसाच्या’. नुसतं ‘दुलई, २’ पुरलं असतं. त्या एका शब्दाने पीबीओचं खोकं बाजूला निघालं. दुलईची शिवण उसवली, आत पिंजाऱ्याच्या हातून सुटलेली सरकी निघाली. सरकी म्हणजे बी, आणि बियाण्याचे नियम वेगळे. दुलया गेल्या, त्याचं वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त चीड आली ती अकरा दिवसांच्या गोदामभाड्याची. त्या अकरा दिवसांत मी फोनवरून कोणाला तरी ‘सरकी’ म्हणजे काय ते समजावत होतो, आणि पलीकडचा माणूस माझं सामान न पाहता माझी यादी वाचत होता.

साडूकडेही तशीच एक दुलई होती, बॅगेत दाबून भरलेली. त्याने फॉर्मवर खरं ते लिहिलं, मशीनजवळ थांबवलं, बॅग उघडली. अधिकाऱ्याने दुलई चाचपली, दोन प्रश्न विचारले, साडूने हातवारे करत उत्तरं दिली. त्याची दुलई सुटली. त्याचं नशीब चांगलं असेल, किंवा त्याचा पिंजारी. पण त्याची दुलई अडली असती तरी जे व्हायचं ते तिथेच झालं असतं, आणि रात्री तो घरी जेवायला असता. सामान उघडलं जातं तेव्हा आपण त्याच्याजवळ उभे असणं, याची किंमत दरपत्रकात कुठे लिहिलेली नसते.

जहाज वाईट असं मी म्हणणार नाही. कंपनी खर्च देत असेल, पुस्तकांची दोन कपाटं असतील, कायमचंच जायचं असेल, तर जहाज घ्यावं. तेव्हा दर ‘दारापासून दारापर्यंत’चा आहे की फक्त बंदरापर्यंतचा, हे लेखी घ्या, पलीकडच्या बंदरावरचे खर्च वेगळ्या पावतीवर येतात. आणि आईला एकही खोकं बांधू देऊ नका, हे कितीही कठीण असलं तरी.

आतेभावाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘मायनं तं गुंड चिंचेनं घासून ठेवला ना भाऊ.’ म्हटलं, घासला असेल तर आण. आत लेकराचे स्वेटर कोंब, वर लुगडं गुंडाळ आणि बॅगेच्या मधोमध ठेव. बॅगा मात्र विमानतळावर मोजू नको, संत्रा मंडीतल्या काट्यावर नेऊन मोज. तो काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो, पण यावेळी ते आपल्याच फायद्याचं आहे.