जुन्या पिकअपची मागची उंची दीड इंच वाढवायची: जादा पाटा की ठोकळा?

आधी पाटे, म्हणजे मागच्या ॲक्सलवर (दोन चाकांना जोडणाऱ्या आसावर) गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या, बघा. रिकामी गाडी उभी असतानाही पाट्यांची कमान सपाट झाली असेल तर ठोकळ्याचा, म्हणजे ॲक्सल आणि पाट्यांमध्ये घालायच्या घट्ट तुकड्याचा, विचार सोडा. तो उंची देतो, पण बसलेल्या पाट्यांत जोर आणत नाही. माल भरला की मागचा भाग पुन्हा खाली बसतो. तिथे जादा पाटाच हवा. त्यासाठी सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) लांब लागतो आणि जुना बहुधा गंजलेला असतो, म्हणून तो उघडण्याआधी पाट्यांचा गठ्ठा सी-क्लॅम्पने आवळा, नाहीतर पाटे उसळतात. तोटा एकच, रिकामी गाडी आदळते.

कमान शाबूत असेल तर ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा बसवणं स्वस्त आणि झटपट. मात्र ठोकळा अखंड हवा, एकावर एक दोन कधीच नकोत. जोरात रेस दिली की ॲक्सल पिळतो, आणि ठोकळा जितका उंच तितका तो पीळ वाढतो.

दोन्हींत यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) नवेच घ्या. एकदा ताणलेले पुन्हा धड आवळले जात नाहीत. पाचशे किलोमीटरनंतर परत आवळा. मागचं चाक लोंबकळतं ठेवून ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणतोय का पाहा. लोडप्रमाणे ब्रेक बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी जुळवून घ्या, नाहीतर भरल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात.