लीककॅनरी: सात-आठ महिने रोज वापरल्यानंतर

आमचं ॲप दूध संकलन केंद्रांवर चालतं. पहाटे केंद्रावरचा माणूस ते उघडतो आणि रांग संपेपर्यंत बंद करत नाही. वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), पावती, पुढचा शेतकरी. स्क्रीन मोजून तीन-चार, पण त्याच त्याच शेकडो वेळा उघडतात नि मिटतात. फोन बहुतेक स्वस्तातले, रॅम बेताची. अशा ठिकाणी मेमरी लीक (काम संपलेली गोष्ट मेमरी अडवून बसणं) असली की रांग अर्ध्यावर असताना ॲप बंद पडतं आणि सकाळी सहाला आपला फोन वाजतो. क्रॅश रिपोर्टमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ दिसतं, पण त्याखालचा स्टॅकट्रेस (त्या क्षणी कुठला कोड चालू होता त्याची यादी) फारसा कामाचा नसतो. शेवटी मेमरी मागायला कोण गेलं होतं एवढंच तो सांगतो. आधीची मेमरी कोण अडवून बसलंय, ते त्यात नसतं.

नेमकं तेच सांगायला लीककॅनरी आहे. स्क्वेअरने २०१५ मध्ये ओपन सोर्स केलेली अँड्रॉइडची लायब्ररी. २०१९ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती कॉटलिनमध्ये नव्याने लिहिलेली. बसवणं हास्यास्पद सोपं आहे: ॲप बांधणाऱ्या ग्रेडल या टूलमध्ये ‘डीबग इम्प्लिमेंटेशन’ म्हणून एक ओळ, बस. ॲप्लिकेशन क्लासला हात लावायचा नाही, ती कंटेंट प्रोव्हायडर या ॲपसोबत आपोआप चालू होणाऱ्या भागातून आपली आपण सुरू होते. डीबगपुरतीच (आपल्या चाचणीच्या बिल्डपुरतीच) असल्याने रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे लोकांच्या हातात पडणाऱ्या ॲपमध्ये, जात नाही.

आतली युक्ती साधी आहे. ॲक्टिव्हिटी (एक अख्खी स्क्रीन), फ्रॅगमेंट (स्क्रीनचा तुकडा), फ्रॅगमेंटचा व्ह्यू (त्याचा दिसणारा भाग), व्ह्यूमॉडेल (स्क्रीनची माहिती सांभाळणारा), सर्व्हिस (पडद्यामागचं काम) यांचं आयुष्य संपल्याचं सिस्टीम कळवते, तेव्हा लीककॅनरी त्या ऑब्जेक्टवर एक वीक रेफरन्स (ऑब्जेक्टला अडवून न ठेवणारा धागा) धरते. पाच सेकंद थांबते, गार्बेज कलेक्शन (कोणी धरून नसलेल्या ऑब्जेक्टची मेमरी मोकळी करणं) करायला लावते, आणि तरीही तो रेफरन्स मोकळा झाला नसेल तर ऑब्जेक्ट अडकलेलं आहे असं धरते. अशी पाच ऑब्जेक्ट्स साठली (ॲप स्क्रीनवर नसेल तर एकही पुरतं) की हीप डंप (त्या क्षणीच्या मेमरीची पूर्ण नक्कल) घेते, आणि शार्क नावाचा तिचाच पार्सर त्या डंपमध्ये गार्बेज कलेक्शनच्या मुळापासून (जे ऑब्जेक्ट जिवंतच धरलं जातं तिथून) अडकलेल्या ऑब्जेक्टपर्यंतची सगळ्यात जवळची वाट शोधतो. ती वाट, म्हणजे लीक ट्रेस, हे या टूलचं खरं उत्पादन. बाकी सगळं त्याच्या तयारीसाठी.

आमच्याकडची एक वाट सांगतो. वजनकाटा ब्लूटूथ लो एनर्जीवर जोडलेला. ट्रेसच्या वरच्या टोकाला लिहिलेलं: नेटिव्ह कोडमधलं ग्लोबल व्हेरिएबल. खाली ब्लूटूथगॅटचा (काट्याशी बोलणाऱ्या अँड्रॉइडच्या क्लासचा) आतला बाइंडर स्टब, म्हणजे सिस्टीमशी जोडणारा दुवा, त्याखाली खुद्द ब्लूटूथगॅट, त्याच्या एम-कॉलबॅक फील्डमध्ये आमचा कॉलबॅक (काट्याकडून काही आलं की चालणारा कोड), आणि कॉलबॅक हा इनर क्लास (दुसऱ्या क्लासच्या आत लिहिलेला) असल्याने बाहेरच्या क्लासकडे बोट दाखवणाऱ्या त्याच्या ‘धिस-डॉलर-झीरो’मधून थेट वजनाची ॲक्टिव्हिटी. प्रत्येक पायरीपुढे ‘लीकिंग: नो’, ‘अननोन’ किंवा ‘येस’ असा शेरा. ‘नो’ आणि ‘येस’ यांच्या मधल्या रेफरन्सखाली नागमोडी रेघ मारलेली असते, म्हणजे संशयित त्यांच्यातलाच. कोडमध्ये पाहिलं तर स्क्रीन सोडताना डिस्कनेक्ट होतं, क्लोज नव्हतं. डिस्कनेक्टने जोडणी तुटते, पण गॅट क्लायंटची नोंद तशीच राहते. ती क्लोजने सुटते. प्रत्येक शेतकऱ्यामागे एक अख्खी ॲक्टिव्हिटी, तिच्या सगळ्या व्ह्यूंसकट, मागे राहत होती. क्लोजची एक ओळ घातली आणि कॉलबॅक ॲक्टिव्हिटीतून बाहेर काढला. हे नुसत्या कोडवाचनातून सापडलं असतं का? कदाचित. पण त्या फाइलकडे बघायचं तरी कोणाला सुचलं असतं!

दुसरी वाट जास्त फसवी. फ्रॅगमेंटने रिसायकलरव्ह्यूचा (स्क्रोल होणाऱ्या यादीचा) ॲडॅप्टर, म्हणजे त्या यादीला माहिती पुरवणारा, स्वतःच्या फील्डमध्ये ठेवलेला, म्हणजे अगदी सभ्य, सगळेच लिहितात तसा कोड. फ्रॅगमेंट बॅकस्टॅकवर (‘मागे’ दाबल्यावर परत येणाऱ्या स्क्रीनच्या थप्पीवर) गेला की त्याचा व्ह्यू मोडतो, फ्रॅगमेंट मात्र जिवंत. ॲडॅप्टरकडे ऑब्झर्व्हरची (माहिती बदलली की ज्यांना कळवायचं त्यांची) यादी असते, त्या यादीत रिसायकलरव्ह्यूचा ऑब्झर्व्हर, आणि त्याच्या पोटात जुना रिसायकलरव्ह्यू. व्ह्यू मोडताना चालणाऱ्या ऑनडिस्ट्रॉयव्ह्यूमध्ये बाइंडिंग (व्ह्यूंकडे नेणारा दुवा) नल, म्हणजे रिकामं, केलेलं होतं, तरी लीक! तिथेच रिसायकलरव्ह्यूचा ॲडॅप्टरही नल करावा लागतो.

आता तक्रारी. हीप डंप घेताना ॲप गोठतं. त्याला इलाज नाही, डंपचं कामच तसं आहे. पण स्वस्त फोनवर तो वेळ चांगलाच जाणवतो आणि नवीन टेस्टर ‘ॲप हँग होतं’ म्हणून बग टाकतो. पाचची मर्यादा कॉन्फिगमध्ये वाढवता येते. आम्ही डेमोच्या फोनवर डंप सरळ बंद ठेवतो. डीबगर (कोड थांबवून तपासायचं टूल) जोडलेला असताना लीककॅनरी मूळ सेटिंगमध्ये डंप घेतच नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण डीबगर स्वतःच ऑब्जेक्ट्स धरून ठेवू शकतो. पण हे माहीत नसलं की ‘आज लीक दिसत का नाहीत’ यात अर्धा दिवस जातो.

‘लायब्ररी लीक’ या शिक्क्याखाली येणाऱ्या नोंदी म्हणजे अँड्रॉइडच्या किंवा फोन बनवणाऱ्याच्या कोडमधल्या माहीत असलेल्या गळती. त्या वेगळ्या दाखवल्या जातात आणि काहींवर सोबत येणारं प्लंबर नावाचं मॉड्यूल परस्पर उपाय करतं. सुरुवातीला टीममधला प्रत्येक जण त्यांच्यामागेही लागतो. लागू नका.

मोठी उणीव वेगळीच आहे. डंप हा एका क्षणाचा असतो. कोण धरून बसलंय ते कळतं. कधी धरलं, कुठल्या कॉलमधून, हे कळत नाही. एखाद्या यादीत लिसनर (घटना कळवून घेणारा कोड) घालणाऱ्या पाच जागा असतील तर पुढचा शोध आपला. बिटमॅप (मेमरीतली चित्रं) पुन्हा पुन्हा बनवून फेकल्याने होणारा त्रासही इथे दिसणार नाही, त्याला अँड्रॉइड स्टुडिओचा प्रोफायलरच (चालू ॲपची मेमरी मोजणारं टूल) हवा.

आणि ज्या ऑब्जेक्टला सिस्टीमच्या लेखी जन्ममरण नाही, त्यावर लीककॅनरी आपणहून नजर ठेवत नाही. आमचं ‘संकलन सत्र’ हे तसंच: सकाळचं सत्र बंद झालं की ते ऑब्जेक्ट जायला हवं. त्यासाठी ‘एक्स्पेक्ट वीकली रीचेबल’ हे फंक्शन आहे. ऑब्जेक्ट द्यायचं आणि कारण लिहायचं. एका ओळीचं काम, पण ती ओळ कुठे लिहायची यावर आमची जोरदार वादावादी झाली. सत्र नक्की कधी संपतं? पावत्या छापून झाल्यावर, का सर्व्हरवर पोचल्यावर? सर्व्हरशी सिंकचा कोड लिहिणाऱ्याचं म्हणणं एक, छपाईवाल्याचं दुसरं, आणि कोडमध्ये दोघांचीही मतं एकाच वेळी नांदत होती. मला विचाराल तर या टूलचा सगळ्यात जास्त उपयोग तिथे झाला. आता कोड रिव्ह्यूमध्ये नवीन मॅनेजर क्लास दिसला की ‘हा कोणाच्या मालकीचा, आणि कधी मरतो?’ असं कोणीतरी विचारतंच.

एक सावधगिरी. डंपच्या फाइलमध्ये मेमरीतलं सगळं असतं: लॉगिन टोकन, शेतकऱ्यांची नावं, खातेक्रमांक. मदत मागताना लीक ट्रेसचा मजकूर पाठवा, फाइल नको.

नवीन प्रोजेक्ट असेल तर पहिल्या दिवशीच घाला. जुन्या कोडवर घालत असाल तर पहिले दोन आठवडे नोटिफिकेशनांचा पूर येईल. एकाच कारणाच्या गळती ती एका सहीखाली (सिग्नेचर, म्हणजे त्या कारणाची ओळखखूण) एकत्र करते, तेव्हा ज्या सहीखाली सर्वांत जास्त नोंदी तिथून सुरुवात करा. यूआय टेस्टमध्ये लीक सापडली की टेस्ट नापास करायचीही सोय आहे. आम्ही ती सध्या फक्त रात्रीच्या बिल्डला लावलीय, कारण प्रत्येक मर्ज रिक्वेस्टला (मुख्य कोडमध्ये बदल घालायच्या विनंतीला) लावली तर टेस्ट फार रेंगाळतात.