मिक्रॉन की आंगस्त्रेम-टी?

भाच्याला सेमिनारसाठी रशियन चिप-कंपनी हवी होती आणि गडी मिक्रॉन आणि आंगस्त्रेम-टी या दोघींत अडकला होता. दोन्ही मॉस्कोजवळच्या झेलेनोग्रादच्या, दोघींचा पाया सोव्हिएत काळातला. कंपन्यांची माहितीपत्रकं बाजूला ठेव म्हटलं, तीनच गोष्टी बघ.

तंत्रज्ञान: मिक्रॉनने 2006 मध्ये एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या युरोपीय चिप-कंपनीकडून 180 नॅनोमीटरचं तंत्र घेतलं (आकडा जितका लहान, तितकी चिपवरची नक्षी बारीक), 2012 पर्यंत 90 वर आली. आंगस्त्रेम-टीने एएमडी या अमेरिकी चिप-कंपनीच्या जर्मनीतल्या ड्रेस्डेन कारखान्यातली वापरलेली यंत्रं उचलली. ती वर्षानुवर्षं गोदामात पडून होती. घर बांधायच्या आधी फर्निचर आणावं, तसला प्रकार.

पैसा: मिक्रॉनमागे 'सिस्तेमा' या रशियन उद्योगसमूहाची सिट्रॉनिक्स ही कंपनी होती. तिने 2006 मध्ये ग्रीसच्या इंट्राकॉम टेलिकॉमचा 51 टक्के हिस्सा घेतला, 2007 मध्ये लंडनच्या बाजारात शेअर विकले. (टेलिकॉम आणि चिप एका छत्राखाली आणायची ही हौस मला जरा जास्तच वाटते.) दुसरीकडे आंगस्त्रेम-टीवर सरकारी बँकेचं 81.5 कोटी युरोंचं कर्ज.

गिऱ्हाईक: खरा फरक इथेच. मॉस्को मेट्रोचं कागदी तिकीट उजेडासमोर धरलं की आत अँटेनाची वेटोळी दिसायची. तिला जोडलेली कणाएवढी चिप मिक्रॉनची. साधा माल, पण रोजचा खप. आंगस्त्रेम-टीला असा खप सापडला नाही. 2019 मध्ये दिवाळं निघालं. 2016 चे अमेरिकी निर्बंध मात्र दोघींच्याही वाट्याला आले.

टप्प्याटप्प्याने वाढ कशी होते हे मांडायचं असेल तर मिक्रॉन घे. प्रकल्प का फसतात यावर बोलायचं असेल तर आंगस्त्रेम-टी; प्रश्नही जास्त येतील, तयारीत जा.