जुनापाणीची शिळावर्तुळं: कधी जावं, काय पाहावं

नागपूरहून काटोल रोडने दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी. इथे सुमारे 300 शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातली, म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं. नजरेत भरेल असं उंच काही नाही. त्यामुळे बरेच जण गाडीतून उतरतात, दोन फोटो काढतात आणि ‘नुसते दगड’ म्हणून परत फिरतात. या जागेवर हा अन्याय आहे.

एकच वर्तुळ निवडा आणि त्याच्या बाहेरच्या कडेने सावकाश फिरा. काळ्या पाषाणाचे मोठाले धोंडे गोलाकार मांडलेले आहेत, आत दगड-मातीची भर, म्हणून मधला भाग जरा उंच. कडेचे धोंडे ही भर थोपवून धरतात. एखादा कुणी उचलून नेला की पावसात माती तिथूनच वाहू लागते आणि हळूहळू वर्तुळ ओळखूही येत नाही.

खरी मौज धोंड्यांवरच्या खळग्यांत आहे: माणसाने कोरलेले, वाटीसारखे, बरेचदा सरळ ओळीत. का कोरले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. भर दुपारी ते दिसत नाहीत, कारण ऊन डोक्यावर आलं की त्यांत सावली पडत नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. ढगाळ दिवशी बॅटरीचा झोत बाजूने, दगडालगत पाडा. फोटोत उठून दिसावेत म्हणून खडू मात्र भरू नका, तो घासून काढताना दगड झिजतो.

ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कर्नाक यांनी एकोणिसाव्या शतकात इथे खोदकाम केलं, पुढे 1961-62 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तीन वर्तुळं उत्खनित केली. लोखंडी वस्तू आणि काळी-तांबडी मडकी मिळाली. त्यातलं काहीच जागेवर पाहायला मिळत नाही, तेव्हा आधी वाचूनच जा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात गवतात धोंडे बुडतात, काळी माती बुटाला चिकटते, सापांचीही भीती, उन्हाळा टाळाच. पाणी आणि टोपी सोबत हवी.

आसपास प्लॉट पाहत असाल तर ध्यानात ठेवा: संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.