टर्मिनलवरून डिव्हाइस प्रोव्हिजनिंग: अझूरच्या आयओटी कमांड्स वापरून झालेलं मत

गेले सात-आठ महिने आमच्या डिव्हाइसचं सगळं प्रोव्हिजनिंग (म्हणजे नवीन डिव्हाइसची ओळख पटवून त्याला क्लाउडला जोडून देणं) मी टर्मिनलवरूनच करतोय, अझूरचं (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं) वेब पोर्टल उघडायची वेळ क्वचित येते. ज्यांच्याकडे दहा-वीसच्या वर सेन्सर किंवा गेटवे आहेत त्यांनी हीच वाट धरावी असं माझं ठाम मत झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी डीपीएस (अझूरची डिव्हाइस प्रोव्हिजनिंग सर्व्हिस) वापरलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कुठल्या हबला (डिव्हाइसचा डेटा घेणारी अझूरची आयओटी हब सेवा) कनेक्ट व्हायचं हे फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये) टाकायचंच नाही, सगळी डिव्हाइस एकाच ग्लोबल एंडपॉइंटवर येतात, आयडी स्कोप (आपल्या डीपीएसचा ओळख क्रमांक) आणि आपली ओळख दाखवतात आणि डीपीएस त्यांना हब नेमून देतं. म्हणजे सगळ्या बोर्डांवर एकच इमेज टाकता येते, उद्या हब बदलला तरी फर्मवेअरला हात लावायचा नाही. ओळख पटवायचे प्रकार तीन, सिमेट्रिक की (दोन्ही बाजूंना असलेली एकच गुप्त की), एक्स ५०९ सर्टिफिकेट आणि टीपीएम (डिव्हाइसमधली किया सांभाळणारी सुरक्षा चिप), पण टीपीएम असेल तर ग्रुप करता येत नाही, एकेका डिव्हाइसची वेगळी एनरोलमेंट (डीपीएसमधली नोंद) करावी लागते.

इन्स्टॉलेशनला काही कष्ट नाहीत. एझेड (अझूरचं कमांड लाइन टूल) टाकायचं आणि त्यावर अझूर-आयओटी नावाचं एक्स्टेन्शन. डीपीएस तयार करणं, हब लिंक करणं या कमांड्स मूळ एझेडमध्येच आहेत पण एनरोलमेंटच्या कमांड्स एक्स्टेन्शनमधून येतात, त्यामुळे अर्ध्या कमांड्स चालतात आणि अर्ध्या सापडत नाहीत असं झालं की आधी एक्स्टेन्शन आहे का बघा. जुन्या ट्युटोरियलमध्ये एक्स्टेन्शनचं जुनं नाव असतं, ते मशीनवर असेल तर काढून टाका मगच नवीन घाला.

माझं मन जिंकलं ते एनरोलमेंट ग्रुपने. एका कमांडमध्ये ग्रुप तयार होतो, त्याची की मिळते, आणि त्या की वरून प्रत्येक डिव्हाइसची स्वतःची की काढता येते. रजिस्ट्रेशन आयडीचा (डीपीएसला दाखवायचं डिव्हाइसचं नाव, आमच्याकडे सिरीयल नंबर) ग्रुपच्या की ने एचमॅक-शा २५६ (गुप्त की वापरून काढलेला ठसा) काढून बेस ६४ (साध्या अक्षरांत) करायचं, बस एवढंच गणित, आणि त्यासाठी सुद्धा कॉम्प्युट-डिव्हाइस-की अशी तयार कमांड आहे. सिरीयल नंबरची फाईल घेतली, शेलमध्ये एक लूप फिरवला, दोनशे चाळीस बोर्डांच्या किया चहा होईपर्यंत तयार, आणि काय केलं ते स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं, पुढच्या बॅचला परत तेच चालवायचं. पोर्टलवर क्लिक करून केलेलं काम महिन्याने कोणालाच आठवत नाही.

इथेच आम्ही दीड दिवस अडकलो होतो ते सांगतो, कोणाचा तरी वेळ वाचेल. बोर्डाच्या लेबलवर सिरीयल कॅपिटल अक्षरांत छापलेला, आम्ही किया त्यावरून काढल्या, आणि फर्मवेअर तोच सिरीयल स्मॉल करून पाठवत होतं. डोळ्यांना नाव एकच दिसतं पण एचमॅकला अक्षराचा केस बदलला की सगळंच वेगळं, त्यामुळे प्रत्येक बोर्डाला ४०१ अनऑथराइज्ड, म्हणजे ओळख पटली नाही. आम्ही नेटवर्क बघितलं, फायरवॉल बघितली, शेवटी दोन्ही किया एकाखाली एक ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. आता आमच्या स्क्रिप्टची पहिलीच ओळ सिरीयल स्मॉल करते.

हा घोळ सापडायला मोठी मदत झाली ती एका कमांडची आणि तिच्याबद्दल लिहायलाच हवं. एझेड आयओटी डिव्हाइस रजिस्ट्रेशन क्रिएट. ही कमांड तुमच्या लॅपटॉपलाच डिव्हाइस बनवते, रजिस्ट्रेशन आयडी आणि की द्यायची, ती खरंच डीपीएसकडे जाऊन रजिस्टर करते आणि असाइन्ड झालं की कुठला हब मिळाला ते दाखवते. हार्डवेअर हातात नसताना अलोकेशन पॉलिसी (कुठल्या डिव्हाइसला कुठला हब द्यायचा तो नियम) तपासता येते, आणि लॅपटॉपवरून जमतंय पण बोर्डावरून नाही म्हटल्यावर चूक कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं. (बोर्डाच्या बाजूला असेल तर घड्याळ पण बघा, बॅटरीवर चालणारं घड्याळ नसलेला बोर्ड रीस्टार्टनंतर १९७० मध्ये असतो आणि त्याने बनवलेलं ओळख पटवायचं टोकन जन्मतःच एक्सपायर झालेलं असतं.)

टेबल आउटपुट डोळ्यांनी बघायला छान, स्क्रिप्टसाठी क्वेरी लावून हवं तेवढंच फील्ड काढता येतं. ट्विनच्या (हबमध्ये ठेवलेली डिव्हाइसच्या सेटिंग्जची नोंद) सुरुवातीच्या प्रॉपर्टीज जेसन म्हणून द्यायच्या असतात, तिथे बॅश आणि पॉवरशेलचे कोट्स वेगवेगळे वागतात, मी सरळ फाईलमधून देतो.

डिव्हाइस काढून टाकताना मात्र नीट लक्ष द्या. एनरोलमेंट डिलीट केली म्हणजे डिव्हाइस गेलं असं होत नाही, ते फक्त नव्याने रजिस्टर होऊ शकत नाही, हबमधली त्याची नोंद जिवंत असते आणि ते आरामात डेटा पाठवत राहतं. चोरीला गेलेलं किंवा विकलेलं डिव्हाइस असेल तर आधी डीपीएसमध्ये बंद करा आणि लगेच हबमध्ये पण डिसेबल करा. आमच्याकडे दोन्ही कमांड्स एकाच स्क्रिप्टमध्ये आहेत, एकटी कोणी चालवायचीच नाही.

आणि ग्रुपची की. कमांडमध्ये थेट टाईप केली तर शेलच्या हिस्टरीत राहते, आणि त्या एका की वरून ग्रुपमधल्या कुठल्याही डिव्हाइसची की काढता येते, म्हणून ती बोर्डावर कधीच टाकायची नाही, बोर्डावर फक्त त्याची स्वतःची काढलेली की. आम्ही ग्रुपची की व्हॉल्टमधून (गुप्त किया सुरक्षित ठेवायची जागा) व्हेरिएबलमध्ये घेतो. ग्रुपला प्रायमरी आणि सेकंडरी अशा दोन किया असतात, दोन्ही एकदम बदलल्या तर बाहेर लावलेले बोर्ड पुन्हा रजिस्टर होणार नाहीत, तेव्हा आधी बोर्ड वापरत नसलेली एक बदला, सगळ्या बोर्डांना तिच्यावरून काढलेली नवी की पोचल्याची खात्री करा आणि मगच दुसरीला हात लावा.