शस्त्रक्रिया उत्तम, वॉर्डाबद्दल मात्र तक्रार

खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी वडिलांना या रुग्णालयात दाखल केले तेव्हा आठवडाभरात घरी सोडतील असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात आम्ही 17 दिवस राहिलो. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्याबद्दल काहीच म्हणायचे नाही. मुक्काम लांबला तो लघवीच्या नळीमुळे झालेल्या संसर्गाने. कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या, अहवालात क्लेब्सिएला हा जिवाणू निघाला आणि कार्बापेनेम या प्रभावी प्रतिजैविकांच्या गटातल्या प्रत्येक औषधासमोर ‘आर’, म्हणजे औषधाला न जुमानणारा, असा शेरा होता.

हा जिवाणू वडिलांच्या आतड्यात आधीपासून होता की वॉर्डातच लागला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायला त्याला तिथे कसलीच आडकाठी नव्हती. एका सकाळी शेजारच्या रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी करून एक कर्मचारी त्याच हातमोज्यांनी वडिलांच्या पिशवीची तोटी उघडायला आला. मी अडवले, तर ‘हातमोजे घातलेत की’ असे उत्तर मिळाले. त्या हातमोज्यांनी फक्त त्याचेच रक्षण होत होते. खाटेच्या पायथ्याशी हँडरबची (हातावर चोळायच्या जंतुनाशकाची) बाटली अडकवलेली होती, परंतु तिचा पंप दोन दिवस कोरडाच होता. हात चोळायला लागतात जेमतेम 20 ते 30 सेकंद. सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरांनी 1847 साली व्हिएन्नात डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले होते. आणि या वॉर्डाला ते ठाऊक नसावे असेही नाही, कारण हात कधी स्वच्छ करावेत याचा तक्ता भिंतीवर चौकटीत लावलेला आहे.

अहवाल आल्यावर मात्र चित्र पालटले. प्रमुख परिचारिकांनी त्याच संध्याकाळी वडिलांना स्वतंत्र खोलीत हलवले, रक्तदाबाचे यंत्र आणि स्टेथोस्कोप त्यांच्यापुरते वेगळे ठेवले आणि ‘नळीची अजून गरज आहे का’ असे डॉक्टरांना विचारून ती काढायला लावली. नळी जितके दिवस राहते तितका संसर्गाचा धोका वाढतो, त्यामुळे हा प्रश्न रोजच्या राउंडमध्येच विचारला जायला हवा होता.

डिस्चार्ज कार्डावर या जिवाणूचा उल्लेखच नव्हता. बरे वाटल्यानंतरही तो महिनोन्महिने आतड्यात राहू शकतो, म्हणून पुढच्या रुग्णालयाला ही माहिती मिळणे आवश्यक असते. आम्ही आग्रह धरल्यावर डॉक्टरांनी ती पेनाने लिहून दिली.

शस्त्रक्रियेला पाचपैकी पाच तारे. वॉर्डाला दोन, आणि त्यातला एक त्या परिचारिकांचा.